रुग्ण बालकाची शुश्रूषा आणि कर्माचा विचार

ज्या घरी लहान मूल दीर्घकाळ आजारी असते, त्या घरी वस्तुतः दोन रुग्ण असतात. एक ते बालक आणि दुसरे त्याच्या आईबापांचे मन. बालकासाठी वैद्य येतात, औषधे आणली जातात, पथ्यपाण्याचा विचार होतो, नवस बोलले जातात. आईबापांच्या मनाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. आणि पाहिलेच, तर एखादे शास्त्रवचन ऐकवून लोक मोकळे होतात. 'पूर्वजन्मीचे काही राहिले असेल', 'आईबापांचे भोग लेकराच्या वाट्याला आले', अशी वाक्ये आपल्या समाजात सहज बोलली जातात. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. परंतु रात्र जागून काढलेल्या मातेच्या काळजात ते वाक्य काट्यासारखे रुतते. लेकराचा ताप उतरतो, पण तो काटा निघत नाही.

या लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. पहिला प्रश्न असा की, बालकाच्या व्याधीचा दोष आईबापांच्या माथी मारण्यास आपल्या शास्त्रांचा खरोखर आधार आहे काय? दुसरा असा की, फळाची आसक्ती सोडावी असे गीता सांगते. मग लेकरू बरे व्हावे या एकाच इच्छेवर जगणाऱ्या मातापित्यांनी त्या उपदेशाचा अर्थ काय समजावा? हे प्रश्न नुसत्या तर्काचे नाहीत. त्यांच्या उत्तरावर पुष्कळ घरांतील झोप, अन्न आणि पतिपत्नींचा परस्पर स्नेह अवलंबून आहे.

कावेरीच्या तीरावरील कुंभकोणम या क्षेत्राच्या आसपास असे मातापिता नेहमी पाहावयास मिळतात. गर्भाच्या रक्षणासाठी लोक तिरुक्करुकावूर येथे गर्भरक्षाम्बिकेच्या दर्शनास जातात. जडलेली व्याधी सुटावी म्हणून वैद्यीश्वरन कोविल येथे जातात, जेथे शिवाची उपासना वैद्याच्या रूपाने होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या प्रदेशावर तंजावरच्या भोसले राजांचा अंमल होता. त्याच घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी तंजावरला धन्वंतरी महाल ही संस्था चालविली. तेथे देशी वैद्यकाबरोबर पाश्चात्त्य वैद्यकाचाही विचार होई आणि अनुभवास उतरलेले औषधी योग लिहून ठेवले जात. तात्पर्य, दवा आणि दुवा यांचे या भूमीत कधी वैर नव्हते. देवळात हात जोडणारा गृहस्थ औषध सोडून देत नसे आणि औषध देणारा वैद्य देवाला विसरत नसे.

याच कुंभकोणमात, सारंगपाणि सन्निधी रस्त्यावरील एका लहानशा घरात कोमलताम्माळ नावाची एक माता राहत होती. तिचा पती साड्यांच्या दुकानात कारकून होता; ती स्वतः देवळात भजने गाई. तिचा थोरला मुलगा २२ डिसेंबर १८८७ रोजी ईरोड येथे आजोळी जन्मला. तो दीड वर्षाचा असताना तिला दुसरा मुलगा झाला. त्याचे नाव सदगोपन. तीन महिने पुरे होण्याच्या आत ते बाळ गेले. तो शोक ओला असतानाच, १८८९ च्या डिसेंबरात, थोरल्याला देवी आल्या. त्या सुमारास तंजावर जिल्ह्यात देवीच्या साथीने सुमारे ४००० माणसे दगावली. हा मुलगा वाचला. अंगावरचे व्रण मात्र राहिले. पुढे १८९१ मध्ये आणि १८९४ मध्ये तिला आणखी दोन अपत्ये झाली. दोन्ही वर्षाची होण्याच्या आतच गेली.

देवीतून वाचलेला तो मुलगा म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन. १९१८ मध्ये इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपल्या सभासदत्वाचा मान दिला. १९१९ मध्ये ते आजारी अवस्थेत मायदेशी परतले, काही काळ कुंभकोणमलाही राहिले, आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी मद्रासमध्ये निवर्तले. त्या अखेरच्या आजारात त्यांच्या उशाशी पत्नी जानकी होती, आणि जिने दोन वर्षांच्या रामानुजनांना देवीच्या तापात जपले होते ती आईही होती.

आता विचार करावा. १८९४ साली त्या घरावरून जाणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याने म्हटले असते, 'तीन मुले गेली. या बाईचे पूर्वकर्मच खोटे.' चोवीस वर्षांनी त्याच शेजाऱ्याने म्हटले असते, 'असा पुत्र पोटी आला. केवढे हिचे पुण्य!' आणि आणखी दोन वर्षांनी त्याने पुन्हा मान हलवली असती. एकाच स्त्रीचे पाप-पुण्य असे तराजूच्या पारड्यासारखे वर-खाली झाले काय? ती तर होती तीच होती. दुसऱ्याच्या घरातील सुखदुःखाची घटना पाहून त्याच्या संचिताचा हिशेब मांडणे किती पोकळ आहे, हे या एका उदाहरणावरून कळावे. चौथ्या अध्यायात भगवंतांनी कर्माची गती गहन असल्याचे सांगितले आहे. अर्जुनासारख्या शिष्याला जी गोष्ट गहन म्हणून सांगावी लागली, ती आपण ओटीवर पान खाताना उलगडून दाखवतो, हे धाडस आहे.

महाभारताकडे पाहिले तर हाच अर्थ अधिक स्पष्ट होतो. सुभद्रा ही साक्षात श्रीकृष्णाची बहीण. तिचा पुत्र अभिमन्यू सोळाव्या वर्षी रणात पडला. त्याच अभिमन्यूचे बाळ, परीक्षित, अश्वत्थाम्याच्या अस्त्रामुळे मृत जन्मले आणि श्रीकृष्णाने त्याला जीवन दिले. घर एकच, देव एकच, माता आणि आजीही त्याच. एक बालक वाचले आणि एक तरुण गेला. देवकीची सहा अपत्ये कंसाने मारली. त्या मातेच्या भक्तीत उणे काय होते? व्यासांनी कोठेही सुभद्रेच्या किंवा देवकीच्या दोषांची यादी दिलेली नाही. ज्या गोष्टीचा हिशेब व्यासांनी मांडला नाही, तो आपण मांडू नये, एवढा विनय आपल्या अंगी असावा.

येथे कोणी विद्वान म्हणेल की अनुशासनपर्वातील गौतमीची कथा याच्या उलट सांगते. ती कथा अवश्य पाहावी. गौतमी नावाच्या वृद्धेचा मुलगा सर्पदंशाने मेला. एका व्याधाने त्या सर्पाला बांधून आणले आणि 'याला मारू का?' असे विचारले. सर्प म्हणाला की मला मृत्यूने पाठविले. मृत्यू म्हणाला की मला काळाने प्रेरित केले. आणि काळाने सांगितले की प्रत्येकाचे कर्मच कारण. तेव्हा गौतमीने ते मान्य केले, आपल्याही कर्माचा उल्लेख केला, आणि सर्पाला सोडून देण्यास सांगितले. मग येथे तर मातेनेच कर्म मान्य केले आहे!

होय, मान्य केले आहे. परंतु ते कोणी, कोणाला आणि कशासाठी म्हटले, हे पाहिल्यावाचून वाक्याचा अर्थ पुरा होत नाही. संस्कृत व्याकरणात क्रियापदाचे तीन पुरुष आहेत: 'तो' म्हणजे प्रथमपुरुष, 'तू' म्हणजे मध्यमपुरुष आणि 'मी' म्हणजे उत्तमपुरुष. गौतमीने आपल्या कर्माविषयी जे म्हटले ते उत्तमपुरुषात म्हटले, आणि एका जिवाचा जीव वाचावा म्हणून म्हटले. त्या कथेत गौतमीकडे बोट दाखवून 'हा तुझा दोष' असे कोणीही म्हणत नाही. काळही म्हणत नाही. आणि भीष्मांनी ती कथा कोणाला सांगितली? स्वतःला अपराधी समजून जळणाऱ्या युधिष्ठिराला, त्याचा दाह शमावा म्हणून सांगितली. जो सिद्धान्त दाह शमविण्यासाठी सांगितला गेला, तोच आपण दाह वाढविण्यासाठी वापरला, तर औषधाचे विष झाले. म्हणून कर्मसिद्धान्त दुसऱ्याच्या दुःखाविषयी मध्यमपुरुषात कधी उच्चारू नये. ज्याला तो उच्चारावयाचा असेल त्याने स्वतःपुरता, आपल्या पुढील आचरणासाठी उच्चारावा.

परंतु कित्येक मातापित्यांना बाहेरच्या शेजाऱ्याची गरजच नसते. त्यांच्या आतच एक शेजारी बसलेला असतो. 'गरोदरपणी मी ते खाल्ले नसते तर', 'ताप आला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेले असते तर', 'आमच्या घराण्यात विवाह झाला नसता तर', असे तो रात्रंदिवस बोलत राहतो. त्याला काय उत्तर द्यावे?

त्याचे उत्तर अठराव्या अध्यायात आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात, असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. पुढे असेही सांगितले आहे की, हे पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला यथार्थ दिसत नाही. या वचनाचा उपयोग आपण सामान्यतः अहंकार घालविण्यासाठी करतो. 'मी केले' असे म्हणणाऱ्या यशस्वी पुरुषाला आपण ते ऐकवितो. परंतु 'माझ्यामुळे झाले' असे म्हणून झुरणाऱ्या मातेलाही तेच वचन लागू आहे. गर्व आणि अपराधबोध या दोहोंच्या मुळाशी भूल एकच आहे: पाचांचे काम एकट्याने उचलल्याचा भास.

रुग्णशय्येपाशी ही पाच कारणे प्रत्यक्ष पाहता येतात. अधिष्ठान म्हणजे बालकाचे शरीर. थॅलेसेमिया नावाचा एक रक्तविकार आहे. त्याच्या गंभीर प्रकारात मुलाला साधारणतः दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्यामुळे शरीरात साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी औषध चालू ठेवावे लागते. हा विकार ज्या बीजातून येतो ते आई आणि बाप या दोघांकडेही असते. दोघे मात्र धडधाकट असतात आणि पुष्कळदा रक्त तपासल्यावाचून त्यांना त्याची वार्ताही नसते. अशा दांपत्याच्या प्रत्येक गर्भधारणेत मुलाला विकार होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. यात सासरचे की माहेरचे, आईचे की बापाचे, हा वाद किती निरर्थक! बीज दोघांकडून आले, आणि पाप कोणाचेच नव्हते.

करण म्हणजे साधन. त्या त्या काळी जी साधने उपलब्ध असतील तेवढीच माणसाच्या हाती असतात. मधुमेह झालेल्या बालकांना १९२२ पूर्वी वैद्य उपाशी ठेवून काही दिवस वाचवीत आणि आईबाप ते कृश होत जाणे पाहत राहत. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये तेथील १४ वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. १९२० सालच्या मातेचे प्रेम १९२३ सालच्या मातेपेक्षा कमी नव्हते, साधन नव्हते. रामानुजनांच्या अखेरच्या आजाराला त्या वेळच्या वैद्यांनी क्षय मानले होते. पुढे १९९४ मध्ये जुन्या नोंदी तपासून एका वैद्यकीय अभ्यासकाने तो आमांशाच्या जंतूंमुळे झालेला यकृताचा विकार असावा, असे मत मांडले. ते मत खरे असेल, तरी त्या उशाशी बसलेल्या आईने आणि पत्नीने ते जाणावे कसे? जे ज्ञान आज हाती आले, त्याच्या उजेडात कालच्या स्वतःला शिक्षा करणे न्यायाचे नाही.

चेष्टा म्हणजे अनेकांचे अनेक प्रयत्न. भारतात देवीची लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तरीही सत्त्याऐंशी वर्षांनंतर तंजावर जिल्ह्यात देवीने हजारो बळी घेतले. उपाय असणे वेगळे आणि तो प्रत्येक दारापर्यंत पोहोचणे वेगळे. त्यासाठी असंख्य माणसांचे हात लागतात. ते हात लागले तेव्हाच १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर करता आले. आणि इतके सर्व झाल्यावरही जे उरते, ज्याचा हिशेब कोणालाच लागत नाही, ते पाचवे कारण, दैव. गीतेने दैवाला पाचवे स्थान दिले आहे. त्याला एकमेव मानून हातपाय गाळू नयेत आणि त्याला विसरून स्वतःला छळूही नये, असा त्यातील बोध आहे.

या विचाराचा कोणी आळसासाठी उपयोग करू नये. कर्ता पाचांपैकी एक आहे, याचा अर्थ तो शून्य आहे असा होत नाही. विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी रक्ताची तपासणी करून थॅलेसेमियाचे बीज ओळखता येते; लसी वेळेवर देता येतात. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, रोग, पोषणाची उणीव आणि वाढीतील विलंब यांसाठी तपासणी करण्याची योजना आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल या रक्तविकारांचाही समावेश आहे. ही साधने समोर असता लोकलाजेस्तव मुलाला घरात लपवून ठेवणे, हे मात्र कर्तव्याचा त्याग करणे होय. गेलेल्या गोष्टीचा दोष घेऊ नये. पुढची गोष्ट मात्र टाळू नये.

आता दुसरा प्रश्न. लेकरू बरे व्हावे असे वाटणे ही आसक्ती आहे काय? येथे आयुर्वेदाची साक्ष उपयोगी पडते. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे जे चार गुण त्यांनी सांगितले, त्यांत शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्या जोडीला अनुराग हाही एक गुण आहे. म्हणजे रुग्णाविषयीचे प्रेम ही चरकांच्या दृष्टीने सेवकाची पात्रता आहे. ज्या गीतेने योग म्हणजे कर्मातील कौशल्य असे सांगितले, ती गीता त्या प्रेमाला तोडावयास कशी सांगेल? ती तोडावयास सांगते तो हट्ट. 'मी एवढे केले, आता हे झालेच पाहिजे. न झाले तर माझे करणे व्यर्थ', हा तो हट्ट होय. प्रेम मुलाकडे पाहते. हट्ट परिणामाकडे पाहतो. प्रार्थना करावी, आशा धरावी, उत्तमातल्या उत्तम वैद्याला विचारावे. परंतु सकाळी आठ वाजताचे औषध आठ वाजता देणे, एवढे आपल्या अधिकारातले आहे. दहा वर्षांनी काय होईल हे नाही. दहा वर्षांचे भय आजच्या आठ वाजण्यावर लादले की हात कापू लागतात. ज्या मातापित्यांनी दिवसाचे काम दिवसापुरते करण्याची सवय लावून घेतली, त्यांना निष्काम कर्माचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आणि रडू आले तर? रडावे. पहिल्या अध्यायात अर्जुनाने आपला सारा शोक बोलून दाखविला, त्याचे अंग कापले, तोंड कोरडे पडले. आणि तो बोलत होता तोपर्यंत भगवंत मध्ये एक अक्षरही बोलले नाहीत. पुढे त्यांनी कठोर शब्द वापरले हे खरे. पण अर्जुन धनुष्य टाकून बसला आणि लढणार नाही या निश्चयाकडे वळला, म्हणून वापरले. डोळ्यांत पाणी आणि हातात औषधाचा चमचा, ही दोन्ही एका वेळी असू शकतात. चमचा खाली पडू नये, एवढेच पाहावे.

पण हात थकले तर चमचा पडतोच. म्हणून आईबापांनी स्वतःच्या शरीराची निगा राखणे हा चैनीचा विषय समजू नये. सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा आणि जागृती यांतील प्रमाण योग्याला आवश्यक सांगितले आहे. रुग्ण बालकाच्या मातेला ते त्याहून आवश्यक आहे. कित्येक माता मुलासाठी कडक उपास धरतात, रात्री जागतात, आणि अखेर स्वतः अंथरुणाला खिळतात. सतराव्या अध्यायात शरीराला पीडा देणाऱ्या तपाला तामस म्हटले आहे, याचे स्मरण ठेवावे. जिच्यावर बालकाचे जगणे अवलंबून आहे, तिने दोन घास वेळेवर खाणे हेही त्या बालकाचेच औषध आहे. कधी कधी थकव्याच्या भरात त्या आजारी लेकरावरच राग येतो, मनात नको तो विचार येतो, आणि मग त्याचा धसका घेऊन आई आतल्या आत कुढते. असा विचार येणे हे क्रूरतेचे लक्षण नाही. शक्ती संपल्याचे लक्षण आहे. अशा वेळी मूल दुसऱ्या हाती देऊन थोडा वेळ बाजूला व्हावे, आणि तो विचार पुनःपुन्हा येऊ लागला तर मनाच्या वैद्याकडे जाण्यास मुळीच संकोच करू नये. शरीराला वैद्य लागतो आणि मनाला लागत नाही, असे आपल्या कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

पित्यांनाही येथे दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ पिते आपला शोक कामाखाली पुरून टाकतात. दुकान, कचेरी, प्रवास यांत ते स्वतःला गुंतवितात आणि घरी आल्यावर मुलाच्या खोलीत जाण्याचे टाळतात. पैसा आणणे हे कर्तव्य खरेच. पण रात्रीच्या एका प्रहराची जागरणाची पाळी पित्याने घेतली, तर त्याच्या शोकालाही वाट मिळते आणि पत्नीलाही सोबत मिळते. घरातील इतर मुलांनाही विसरू नये. ती शहाण्यासारखी गप्प बसतात, म्हणून त्यांना काही नको असते असे नाही.

राहिले आप्त आणि शेजारी. 'शुश्रूषा' हा शब्द आपण सेवा या अर्थाने वापरतो. परंतु धातूकडे पाहिले तर त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. शब्दाच्या पोटातच उपदेश आहे. अशा घरी गेल्यावर आधी ऐकावे. 'असे का झाले?' हा प्रश्न विचारू नये; त्याचे उत्तर त्यांच्याजवळ नाही आणि आपल्याजवळही नाही. 'उद्या जेवणाचा डबा मी आणू का?', 'धाकट्याला शाळेत मी सोडू का?', 'दवाखान्यात आजची रात्र मी बसू का?' असे विचारावे. गीतेने ज्याला नानाविध चेष्टा म्हटले, त्यांत आपला वाटा तो हाच.

शेवटी एक कठीण गोष्ट बोलली पाहिजे. काही बालके बरी होत नाहीत. तेव्हा लोक धीर देताना म्हणतात, 'पाहा, अमक्याचा मुलगा असाच आजारी होता, पुढे केवढा मोठा झाला!' रामानुजनांचे उदाहरण त्यासाठी कोणी देऊ नये, म्हणून हे लिहितो. कोमलताम्माळने देवीच्या तापात ज्या मुलाला जपले तो जगप्रसिद्ध झाला; पण सदगोपन तर तीन महिनेही जगला नाही. त्याच्यासाठी रात्री जागताना तिचे जागणे कमी मोलाचे होते काय? मुलगा मोठा झाला म्हणून सेवा सफळ आणि गेला म्हणून निष्फळ, हा बाजाराचा हिशेब झाला. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी आश्वासन दिले आहे की, या मार्गावर केलेला अल्प प्रयत्नही नाश पावत नाही. तान्ह्या बाळाला एका रात्री वेदना कमी झाल्या, तो आईच्या खांद्यावर शांत निजला, एवढे झाले तरी ती रात्र पूर्ण झाली. तिला पुढच्या वर्षांची साक्ष लागत नाही. बरे होणार नाही असे वैद्य सांगतात तेव्हाही वेदना कमी करणे, जवळ घेणे, गोष्ट सांगणे, त्याच्या आवडीचे गाणे म्हणणे ही कर्तव्ये संपत नाहीत. ती त्या वेळी अधिकच मोलाची होतात.

म्हणून ज्यांच्या घरी असे बालक आहे त्या मातापित्यांना एवढीच विनंती की, पाच कारणांपैकी एकाचा भार तुमच्यावर आहे. तो प्रेमाने वाहा आणि उरलेल्या चारांचा खाली ठेवा. आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांनी आपल्या जिभेला आवर घालावा आणि हात पुढे करावा. आज रात्री कोठेतरी एक दिवा उशिरापर्यंत जळत असेल. त्या दाराशी जाताना कर्माचा सिद्धान्त बाहेर ठेवून, जेवणाचा डबा तेवढा आत न्यावा.